अमरीशभाई पटेल : शिरपूरचे उद्योजक राजकारणी

खानदेशात उद्योजक पुष्कळ झाले आणि राजकारणीही पुष्कळ झाले. परंतु उद्योगातून राजकारणात येऊन चार दशके एका तालुक्यावर पकड ठेवणारी माणसे मोजकीच. धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे अमरीशभाई रसिकलाल पटेल हे त्यांपैकी ठळक नाव. नगराध्यक्ष, चार वेळा आमदार, राज्याचे शालेय शिक्षण मंत्री आणि त्यानंतर विधान परिषदेचे सदस्य असा त्यांचा प्रवास आहे. मात्र राज्यभर त्यांच्या तालुक्याचे नाव झाले ते या पदांमुळे नव्हे, तर पाण्याच्या ‘शिरपूर पॅटर्न’मुळे.

पार्श्वभूमी

शिरपूर हे मुंबई-आग्रा महामार्गावरील, अरुणावती नदीकाठचे गाव. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा व पलीकडे मध्य प्रदेश, दक्षिणेला तापी. डोंगरपट्ट्यात पावरा व भिल्ल आदिवासींची वस्ती, तर तापीकाठच्या काळ्या जमिनीत कापूस, केळी, ऊस ही पिके. कापसाच्या व्यापारामुळे खानदेशातील अनेक गावांत गुजराती भाषक व्यापारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली. पटेल घराणे त्यांतलेच. शिरपुरात आजही त्यांचा उल्लेख ‘भाई’ एवढ्या एका शब्दाने होतो. त्यांचे बंधू मुकेशभाई पटेल राज्यसभेचे सदस्य होते. दुसरे बंधू भूपेशभाई व अमरीशभाईंच्या पत्नी जयश्रीबेन यांनीही शिरपूरच्या सार्वजनिक जीवनात पदे भूषविली.

या भागातील उद्योजकांची सार्वजनिक कार्याची परंपरा जुनी आहे. अमळनेरचे मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रताप शेठ यांनी कापड गिरणी काढली आणि १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. जळगावचे भवरलाल जैन यांनी ठिबक सिंचनाचा उद्योग जगभर नेला. या दोघांची ओळख उद्योग आणि संस्था यांतून घडली, निवडणुकीतून नव्हे. याउलट जळगावचे सुरेशदादा जैन यांनी १९८० ते २०१४ या काळात विधानसभेत शहराचे प्रतिनिधित्व केले, मंत्रिपदही भूषविले. घरकुल प्रकरणात ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने त्यांना जामीन मंजूर केला. पैसा, पालिका आणि मतपेटी एका हाती आल्यावर काय घडू शकते, याची चर्चा खानदेशात या दोन नावांवाचून पूर्ण होत नाही. दोघांच्या वाटा मात्र निरनिराळ्या आहेत.

शिरपूरच्या राजकारणाची आधीची पिढी स्वातंत्र्यलढ्यातून आणि सहकारातून आली होती. ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिक व माजी मंत्री शिवाजीराव गिरधर पाटील हे तिचे प्रतिनिधी. अभिनेत्री स्मिता पाटील यांचे ते वडील. २०१३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ऐंशीच्या दशकात या पिढीची जागा उद्योगाच्या हिशेबाने विचार करणाऱ्या नव्या नेतृत्वाने घेतली.

पालिका ते मंत्रालय

अमरीशभाईंच्या राजकारणाची सुरुवात शिरपूर-वरवाडे नगरपालिकेतून झाली. पाणीपुरवठा, रस्ते, उद्याने या नागरी कामांतून त्यांच्या गटाने शहरात पाय रोवले. १९९०, १९९५, १९९९ आणि २००४ अशा चार निवडणुकांत ते काँग्रेसतर्फे शिरपूरमधून विधानसभेवर निवडून आले. १९९५ मध्ये राज्यात युतीची सत्ता आली, तरी शिरपूरची जागा त्यांनी राखली. सुशीलकुमार शिंदे यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे शालेय शिक्षण खाते होते.

शिक्षण हा त्यांच्या कामाचा दुसरा मोठा भाग. शिरपुरात आर. सी. पटेल यांच्या नावाने शाळा, औषधनिर्माणशास्त्र व अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. मुंबईत १९३४ मध्ये स्थापन झालेल्या श्री विलेपार्ले केळवणी मंडळाचे अध्यक्षपद आणि मंडळाच्या ‘एनएमआयएमएस’ या अभिमत विद्यापीठाचे कुलपतिपदही त्यांच्याकडे आले. याच विद्यापीठाचे संकुल शिरपूरजवळ तापीकाठी उभारण्यात आले. महानगरातील विद्यापीठाने तालुक्याच्या गावी शाखा काढावी, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. संस्थांमुळे तालुक्यात विद्यार्थी, प्राध्यापक आणि रोजगार आला. त्याबरोबरच त्या चालविणाऱ्या घराण्याचा शब्दही अधिक वजनदार झाला.

उद्योगाच्या बाजूने प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणी आणि त्यानंतरचा वस्त्रोद्योग यांनी कापूस पिकविणाऱ्या तालुक्याला सुताशी जोडले. याच गिरणीचा पुढे पाण्याच्या कामालाही आधार मिळाला.

शिरपूर पॅटर्न

शिरपूर तालुक्याची भूरचना दोन प्रकारची आहे. उत्तरेकडे बेसॉल्टचा कठीण खडक, तर दक्षिणेकडे तापीचा गाळाचा जाड थर. गाळाच्या प्रदेशात पिवळ्या मातीचे घट्ट थर असल्याने पावसाचे पाणी सहजासहजी खोल जात नाही. उपसा मात्र वाढत गेला. विहिरी कोरड्या पडल्या, कूपनलिका शेकडो फूट खाली गेल्या आणि बागायतदारही हवालदिल झाला.

२००४ पासून ज्येष्ठ भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली या प्रश्नावर काम सुरू झाले. भूजल सर्वेक्षणातील दीर्घ अनुभव असलेल्या खानापूरकरांना अमरीशभाईंनी यंत्रसामग्री, निधी आणि राजकीय पाठबळ पुरविले. कामाची पद्धत समजायला सोपी होती. गाळाने बुजलेले, अरुंद झालेले नाले रुंद करायचे. पाणी अडविणारा मातीचा थर भेदून पाझर सुरू होईल इतके ते खोल न्यायचे; ही खोली काही ठिकाणी तीस-चाळीस फुटांपर्यंत जाई. मग नाल्यावर ठराविक अंतराने सिमेंटचे बंधारे बांधायचे. या बंधाऱ्यांना दारे नाहीत आणि वेगळा सांडवाही नाही. एक बंधारा भरला की पाणी त्याच्यावरून पुढच्या बंधाऱ्यात जाते. दारे नसल्याने ती चोरीला जाण्याचा किंवा वेळेवर न टाकण्याचा प्रश्न उरत नाही. याच्या जोडीला धरणाचे जादा पाणी कालव्याने आणून, गाळून, कोरड्या विहिरींत सोडण्याचा प्रयोगही करण्यात आला.

परिणाम शेतकऱ्याला विहिरीत दिसला. बंधाऱ्यांच्या परिसरातील पाणीपातळी वर आली, बंद पडलेल्या विहिरी पुन्हा चालू लागल्या, एका पिकाच्या जागी दोन पिके निघू लागली. सरकारी योजनेत मंजुरी आणि निविदेत जाणारा काळ येथे वाचला, कारण निर्णय घेणारा आणि पैसा उभा करणारा माणूस एकच होता. या कामाचे यश त्यातच होते आणि त्याची मर्यादाही त्यातच.

राज्यभरातून शेतकरी, अधिकारी, आमदार हे काम पाहण्यासाठी शिरपूरला येऊ लागले. दुष्काळाच्या वर्षांत इतर जिल्ह्यांतही तशी कामे झाली. परंतु भूजलतज्ज्ञांमध्ये याविषयी एकमत झाले नाही. शिरपूरच्या गाळाच्या जमिनीत जे साधले ते मराठवाड्याच्या कठीण खडकात साधेलच असे नाही, खोल खोदाईने भूजलाचे थर उघडे पडून बाष्पीभवन वाढते, वरच्या गावाने पाणी अडविल्यास खालच्या गावाचा वाटा कमी होतो, असे आक्षेप घेण्यात आले. पुनर्भरण वाढले तरी उपशावर बंधन नसेल, तर पातळी पुन्हा खाली जाणारच, हा मुद्दाही महत्त्वाचा होता. २०१३ मध्ये राज्य शासनाने नाला खोलीकरणासाठी मार्गदर्शक सूचना काढून खोलीवर मर्यादा घातल्या. डिसेंबर २०१४ मध्ये घोषित झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण-रुंदीकरणाचा समावेश होता. त्यावरही हीच चर्चा पुन्हा झाली. शिरपूरच्या कामामागे भूगर्भाचा अभ्यास होता. इतरत्र अनेकदा केवळ पोकलेन यंत्र पोहोचले, अभ्यास पोहोचला नाही.

मतदारसंघ गेला, पकड राहिली

२००९ चे वर्ष अमरीशभाईंच्या कारकिर्दीला वळण देणारे ठरले. मतदारसंघ पुनर्रचनेत शिरपूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव झाला आणि त्यांना स्वतःच्या तालुक्यातून उभे राहणे शक्य उरले नाही. त्यांच्या गटाचे काशिराम पावरा काँग्रेसतर्फे २००९ आणि २०१४ मध्ये निवडून आले. मतदारसंघावरील नाव बदलले, सूत्रे मात्र पटेल गटाकडेच राहिली.

लोकसभेची वाट त्यांना मानवली नाही. २००९ मध्ये त्यांनी काँग्रेसतर्फे धुळ्यातून निवडणूक लढविली. पुनर्रचनेनंतर शिरपूर तालुका नंदुरबार या राखीव लोकसभा मतदारसंघात गेला होता, तर धुळे मतदारसंघाला नाशिक जिल्ह्यातील मालेगाव व बागलाणचा भाग जोडला गेला होता. म्हणजे ज्या तालुक्यात त्यांचे काम बोलत होते, तेथील मतदार त्यांना मतच देऊ शकत नव्हता. त्यातच मालेगावचे ज्येष्ठ नेते निहाल अहमद रिंगणात होते व त्यांना सत्तर हजारांवर मते पडली. भाजपचे प्रताप सोनवणे वीस हजारांच्या आतील फरकाने विजयी झाले. २०१४ मध्ये भाजपचे डॉ. सुभाष भामरे यांनी अमरीशभाईंचा पुन्हा पराभव केला.

त्यांना साथ दिली ती विधान परिषदेच्या धुळे-नंदुरबार स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाने. येथे मतदार म्हणजे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती. मतदार मोजके, प्रत्येकाशी थेट संबंध आणि पक्षापेक्षा माणसाला महत्त्व. अशा निवडणुकीसाठी अमरीशभाईंचे राजकारण जणू घडविलेलेच होते.

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी काँग्रेस सोडून भाजपमध्ये प्रवेश केला. काशिराम पावराही भाजपकडून लढले आणि जिंकले. रिक्त झालेल्या परिषदेच्या जागेची पोटनिवडणूक करोनामुळे लांबली व १ डिसेंबर २०२० रोजी मतदान झाले. महाविकास आघाडीतर्फे काँग्रेसचे अभिजित पाटील उमेदवार होते. अमरीशभाईंना ३३२, तर पाटील यांना ९८ मते मिळाली. त्याच वेळी झालेल्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांच्या पाच निवडणुकांत भाजपला एकही जागा मिळाली नाही. सहापैकी ही एकच जागा पक्षाच्या हाती आली. राज्यात सत्ता आघाडीची असतानाही आघाडीच्या अनेक सदस्यांनी ‘भाईं’ना मत दिले, हे आकड्यांवरून उघड होते. डिसेंबर २०२१ मध्ये ते याच मतदारसंघातून बिनविरोध निवडून आले.

मूल्यमापन

विरोधकांची टीका दोन मुद्द्यांवर राहिली. पहिला, तालुक्याची सत्ता, शिक्षण आणि रोजगार एका घराण्याभोवती एकवटल्याचा. दुसरा, शिरपूर शेतकरी सहकारी साखर कारखाना दीर्घ काळ बंद राहिल्याचा. सूतगिरणी चालते, महाविद्यालये चालतात, मग उसाचा कारखाना का नाही, हा प्रश्न ऊस उत्पादक विचारीत आले. समर्थकांचे उत्तर बंधाऱ्यांकडे बोट दाखविणारे असते.

अमरीशभाईंच्या कारकिर्दीचा धडा या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय समजत नाही. उद्योजकाचा वेग, पैसा उभा करण्याची ताकद आणि तज्ज्ञावर विश्वास टाकण्याची तयारी सार्वजनिक कामात उतरली, तर कोरड्या विहिरीला पाणी येऊ शकते, हे शिरपूरने दाखविले. परंतु त्या पाण्याचा उपसा किती करायचा, ते कोणी आणि कसे वाटून घ्यायचे, बंधाऱ्यातील गाळ पुढील पिढीत कोणी काढायचा, हे एका माणसाने ठरवून भागत नाही. त्यासाठी ग्रामसभा आणि पाणी वापरणाऱ्यांची संघटना लागते. बंधारे बांधून झाले आहेत. हे काम गावांकडे आहे.