बाळगोळी आणि आतड्याचे कुलूप



धानाच्या रोवणीत बांधावर निजविलेले पोर रडू नये म्हणून त्यास मोहरीएवढी अफू चाटविणाऱ्या बाया माझ्या दादीने लहानपणी पाहिल्या होत्या. पोर निजते आणि हगवणही थांबते, असे त्या म्हणत. त्या खोटे सांगत नव्हत्या. हे का घडते, ते उलगडण्यास मात्र विज्ञानाला फार वर्षे लागली.

मुंबईतही हीच चाल होती. १९२२ साली डॉ. बार्न्स या लेडी डॉक्टरांनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची सरकारतर्फे पाहणी केली. कामावर जाताना आया तान्ह्यांना अफूची 'बाळगोळी' देतात, असे त्यांना आढळले. आयांना नावे ठेवण्याची घाई आपण करू नये. पाळी दिवसभराची, घरी मूल सांभाळणारे कोणी नाही, आणि अफू तर सरकारी परवान्याच्या दुकानात मिळे!

आता आतड्याकडे वळू. त्याच्या भिंतीतील स्नायू आपल्या हुकमात नसतो. १९०४ साली माग्नुस यांनी दाखविले, की प्राण्याच्या आतड्याचा तुकडा कोमट क्षारद्रावणात टांगून प्राणवायू पुरविला, तर तो तासन्‌तास हालत राहतो. १९१७ मध्ये ट्रेंडेलेनबुर्ग यांनी गिनीपिगच्या अशा तुकड्याला अफूतील मॉर्फिन दिले आणि अन्न पुढे ढकलणारी लाट थांबली. तेथे मेंदू नव्हताच. म्हणजे अफू आतड्याला थेट आवरते. १९५७ साली पेटन यांनी कारण दाखविले : स्नायूला आकसण्याचा निरोप देणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य भिंतीतील मज्जातंतू कमी सोडू लागतात.

मॉर्फिनची किल्ली ज्यात बसते ती कुलपे, म्हणजे ग्राही, १९७३ मध्ये मेंदूत आणि आतड्यातही सापडली. परंतु देहात अफूसाठी कुलूप कशाला? १९७५ साली ॲबर्डीनच्या ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनी देहाची स्वतःची किल्ली, एन्केफालिन, शोधली; तिची पारखही गिनीपिगच्या आतड्यावर केली.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शुल्झ व गोल्डस्टाइन यांचा १९७३ चा प्रयोग. सतत मॉर्फिन मिळालेले आतडे मॉर्फिनला दाद देईनासे होते. उलट सिरोटोनिन या देहातील द्रव्याच्या अल्प मात्रेनेही आकसू लागते. ब्रेक लावलेली सायकल जोर लावून रेटावी आणि ब्रेक एकदम सुटावा, तसे ते होय. आता ती माउली आठवा. गोळी चुकली की पोराच्या पोटात मुरडा, जुलाब, आकांत. तिला वाटे, गोळीवाचून पोर आजारी पडते. म्हणून ती पुन्हा गोळी देई.

१९६९ साली बेल्जियममध्ये लोपेरामाइड तयार झाले. ते याच कुलपात बसते, पण मेंदूत फारसे शिरत नाही. मोठ्यांना ते उपयोगी पडते. परंतु जुलाबात आतडे थांबले तरी आत पाणी साचतच राहते. पाकिस्तानात त्याचे थेंब दिलेली काही तान्ही मुले आतडे निपचित पडून दगावली, आणि १९९० मध्ये कंपनीला ते थेंब मागे घ्यावे लागले.

आणि १९७१ सालीच बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजून वाचविले होते. तेथे पाणी पाजण्याचे काम बव्हंशी रोग्यांच्या नातलगांनीच केले.