शब्दवेध : बजावणे

‘मतदानाचा हक्क बजावला’ असं आपण सहज म्हणतो. हे ‘बजावणे’ ढोल वाजवण्यातलं नव्हे. ते आलं फारसी ‘बजा’वरून. ‘जा’ म्हणजे जागा, ‘बजा’ म्हणजे जागच्या जागी, योग्य. याच घरातला शब्द ‘बेजा’. सत्ता आपली जागा सोडते, तेव्हा तिचा वापर बेजा होतो. ‘हक्क’ मात्र अरबी. त्याच्या मुळाशी सत्य आहे.

ढोकीत तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथे आणखी एक अरबी शब्द रोजचा: वजन. उसाच्या गाडीचं वजन काट्यावर कळतं, पुढाऱ्याचं त्याच्या शब्दाला कोण मान देतं त्यावरून. पण १९६०च्या सहकारी संस्था कायद्याने या दुसऱ्या वजनाला मतपेटीपाशी अडवलं आहे. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. दोन एकरवाला आणि पन्नास एकरवाला एकाच रांगेत. मला ही रांग फार मोलाची वाटते.

तेव्हा सभासदहो, वार्षिक सभेची नोटीस आली की अहवाल वाचून जा, उभे राहून प्रश्न विचारा. हक्क बजावा.