चाकर आणि खेळाडू : बाळू पालवणकर यांच्या गोलंदाजीचा सामाजिक संदर्भ

इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये हौशी ‘जंटलमन’ आणि वेतन घेणारा ‘प्लेअर’ हा भेद १९६२ पर्यंत अधिकृतपणे पाळला गेला. फलंदाजी ही प्रतिष्ठितांची आणि गोलंदाजी श्रमिकांची, अशी त्यामागील धारणा होती. हिंदुस्थानात या वर्गभेदाला जातिभेदाची जोड मिळाली. बाळू पालवणकर यांचा उल्लेख बहुधा पहिले दलित क्रिकेटपटू म्हणून होतो. तो यथार्थच आहे. तथापि त्यांची कला मैदानावरील चाकरीत घडली, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या बाळूंचे वडील लष्करी सेवेत होते. पुण्यातील पारशी क्लबमध्ये खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे या कामासाठी त्यांना दरमहा ३ रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये ४ रुपयांवर रुजू झाले. तेथे जे. जी. ग्रेग या नामवंत फलंदाजाला ते सरावात तासन्‌तास गोलंदाजी करीत. बाद केल्यास ग्रेग आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या हाती बॅट मात्र कधी दिली गेली नाही. डावखुऱ्या मंदगती फिरकीवरील त्यांचे असामान्य नियंत्रण हे या अखंड श्रमाचेच फलित मानावे लागते.

पुण्यातील हिंदू संघाने त्यांना खेळविले, कारण युरोपियनांना हरवायचे होते. मैदानात एकच चेंडू सर्वजण हाताळीत; चहा मात्र बाळूंना पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. गुणवत्तेची गरज मान्य आणि माणसाचा स्पर्श अमान्य, असा हा व्यवहार होता.

१८९६ च्या प्लेगनंतर ते मुंबईस आले. हिंदू जिमखान्यातील काही सभासदांचा विरोध मोडून त्यांना प्रवेश मिळाला. पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत ते नोकरीस लागले आणि तिच्या संघातूनही खेळले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांवर १०९ धावांनी मिळविलेल्या विजयात त्यांचा आणि बंधू शिवराम यांचा मोठा वाटा होता.

१९११ चा इंग्लंड दौरा हा कारकिर्दीचा कळस ठरला. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील संघाने २३ पैकी केवळ ६ सामने जिंकले. पस्तिशीत पोचलेल्या बाळूंनी मात्र एकूण ११४ बळी घेतले. संपूर्ण कारकिर्दीत प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत आणि सरासरी १५.२१ आहे.

एवढे असूनही नेतृत्वाचा प्रश्न अनिर्णीत राहिला. चेंडू टाकणे हे काम, तर कर्णधारपद हा मान. आणि मान जातीने ठरे. १९२० मध्ये कर्णधारपदाच्या निवडीत डावलले गेल्याच्या निषेधार्थ विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी संघातून माघार घेतली. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. तोपर्यंत बाळूंची कारकीर्द संपलेली होती.