छपरातली खिडकी
पोटमाळा म्हटलं की काय आठवतं? अंधार, धूळ, जुनी भांडी. लिफ्ट येण्याआधीच्या पॅरिसमध्ये मात्र तिथे माणसं राहायची. जिने चढून सगळ्यात वर, छपराखाली, मोलकरणींच्या खोल्या. उन्हाळ्यात नुसती भट्टी, उजेडाला छोटासा झरोका.

मग आलं १९४१. डेन्मार्कचे इंजिनिअर विलुम कान रासमुसेन यांनी उतरत्या छपरात बसणारी, उघडता येणारी खिडकी बनवली. नाव पडलं 'वेलक्स': 'वे' व्हेंटिलेशनमधला, 'लक्स' म्हणजे लॅटिनमध्ये उजेड. महायुद्धानंतर युरोपात घरांची टंचाई होती. इथे नवी जमीन न घेता खोली मिळत होती.

आपल्याकडचं काचेचं कौल आठवा. उजेड देतं, पण उघडत नाही. या खिडकीतून वाराही आला, आणि अडगळीची जागा घर झाली.