हुकूम आणि जबाब

विहिरीवरची मोटार चालू करायला आपण बटण दाबतो. पाण्याची धार पडली की मोटार फिरली असे समजायचे. हुकूम देणारा हात आपला आणि त्याचा जबाब पाहणारे डोळेही आपलेच. पण मोटार दहा-बारा किलोमीटरवर असेल आणि तिने किती फिरायचे, कुठे थांबायचे हे संगणकाने सांगायचे असेल तर? त्या दोघांचे बोलणे कसे व्हायचे? या बोलण्याला इंग्रजीत सिरियल कम्युनिकेशन म्हणतात. आपण त्याला एका रांगेतले बोलणे म्हणू. त्याचा इतिहास संगणकापेक्षा बराच जुना आहे, आणि त्याचे एक मोठे उदाहरण आमच्या कळंबच्या डोंगरापलीकडेच उभे आहे.

सुरुवात तारेपासून झाली. 1854 मध्ये मुंबई आणि कलकत्ता तारेने जोडले गेले, 1855 पासून ही सोय सामान्य लोकांना मिळाली आणि 2013 च्या जुलैत ती बंद झाली. तार म्हणजे एक अरुंद पायवाट. तिच्यावरून दोन अक्षरे शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत, एकामागून एकच जावे लागते. मोर्सच्या लिपीत अक्षरे लांब-आखूड असत, त्यामुळे ऐकणारा कान तयार लागे. 1870 च्या दशकात फ्रान्समधल्या एमिल बोदो याने प्रत्येक अक्षराला पाच सारख्या मापाचे ठोके दिले. संदेशाचा वेग मोजायचे ‘बॉड’ हे माप त्याच्याच नावावरून पडले.

माप सारखे झाल्यावर हे काम यंत्राला जमू लागले आणि टेलिप्रिंटर आला. मात्र नवी अडचण उभी राहिली. ठोक्यांच्या या ओळीत एक अक्षर कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे पलीकडच्या यंत्राला कसे कळावे? तोडगा साधा निघाला. प्रत्येक अक्षराच्या आधी ‘सुरू’ची खूण आणि शेवटी ‘थांब’ची खूण. गझलेत रदीफ कानावर पडला की शेर पुरा झाल्याचे ऐकणाऱ्याला कळते, तसेच हे. सुरुवातीच्या अनेक संगणकांना बोलायला टेलिप्रिंटरच जोडलेले होते. त्यामुळे तारेची ही रीत संगणकाच्या घरात आयती आली, आणि 1960 मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने ती आरएस-232 या नावाने नियमात बांधली. या रीतीत आकडा तारेवर निघतो तेव्हा सर्वांत कमी किमतीचा अंक आधी निघतो, म्हणजे उजवीकडून डावीकडे. उर्दू वाचणाऱ्या माझ्यासारख्याला याची गंमत वाटते.

आरएस-232 ची तार पन्नासेक फुटांपर्यंत भरवशाची. टेबलावर तेवढी पुरे होते, कारखान्यात होत नाही. शिवाय मोठ्या मोटारी चालू-बंद होताना आसपासच्या तारांत विजेचा गोंगाट शिरतो आणि शब्द बिघडतात. 1983 मध्ये आलेल्या आरएस-485 ने यावर सुरेख उपाय केला. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या आणि एकीवर जे पाठवायचे त्याच्या उलटे दुसरीवर पाठवायचे. गोंगाट आला तर दोघींवर सारखाच येतो. ऐकणारा फक्त दोघींतला फरक पाहतो, त्यामुळे गोंगाट वजा होतो आणि शब्द उरतो. ही जोडी 1200 मीटरपर्यंत जाते आणि मूळ नियमाप्रमाणे 32 यंत्रे तिच्यावर बसू शकतात. सगळे एकाच तारेवर, म्हणून शिस्त हवी. शाळेत हजेरी घेताना गुरुजी नाव घेतील त्यानेच ‘हजर’ म्हणायचे, बाकीच्यांनी गप्प बसायचे, तशीच ही शिस्त.

आता मोटारीकडे वळू. संगणक स्वतः मोटार फिरवत नाही. त्याच्या तारेतली वीज इतकी किरकोळ असते की तिने खेळण्यातली मोटारही फिरणार नाही. दोघांच्या मध्ये कंट्रोलर बसतो. संगणक त्याला एवढेच सांगतो, अमुक अंशावर जा. किती वीज सोडायची, वेग कधी वाढवायचा, जवळ आल्यावर कसा आवरायचा, हे सारे कंट्रोलर पाहतो. ते पाहायला त्याला डोळा लागतो. दांडा किती वळला हे सांगणारा एनकोडर म्हणजे तो डोळा. त्याचा आकडा कंट्रोलर सतत वाचतो आणि विचारले की संगणकालाही कळवतो. या विषयावर बोलताना लोक हुकूम कसा पाठवावा यात रमतात. माझ्या मते अवघड बाजू ही परतीची आहे.

कळंबहून दिसणाऱ्या भीमाशंकरच्या डोंगरापलीकडे घोड आणि मीना या नद्यांची खोरी आहेत. तिकडे जुन्नर तालुक्यात नारायणगाव. आपण त्याला तमाशाची पंढरी म्हणून ओळखतो. त्याच्याजवळच्या खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. 4 ऑक्टोबर 2001 रोजी ती जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. चौदा मध्यभागी, एकेक किलोमीटर लांबी-रुंदीच्या टापूत, आणि सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन हातांवर, गावागावांच्या शिवारांत. टोकाच्या तबकड्यांत सुमारे 25 किलोमीटरचे अंतर.

पृथ्वी फिरते, म्हणून आकाशातला तारा सरकत राहतो. त्याच्यावर कान ठेवायचा तर तिसाही तबकड्या एकाच वेळी, एकाच दिशेला, अगदी सावकाश वळत राहिल्या पाहिजेत. खोडदच्या नियंत्रण कक्षातून हुकूम काचेच्या तंतूंवरून प्रत्येक तबकडीपाशी जातो. तिथे एक छोटा संगणक बसवला. तो हुकूम उलगडतो आणि मोटारी सांभाळणाऱ्या सर्वो संगणकाला पुढे सांगतो. देखरेखीची इतर छोटी कार्डे त्याला त्याच आरएस-485 च्या जोडतारेने जोडली. प्रत्येक कार्डाला आपापला पत्ता.

मोटारींची रचना मला फार आवडली. तबकडी आडवी फिरवायला दोन मोटारी आणि वर-खाली करायला दोन. एका कामाला दोन का? दात्यांच्या चाकांत थोडा सैलपणा असतोच. बैलगाडीचे जू हलते तशी तबकडी वाऱ्याने त्या सैलपणात हिंदकळली, तर तारा निसटलाच. म्हणून दोन्ही मोटारी एकमेकींविरुद्ध जरासा ताण धरून ठेवतात. भांडणाऱ्या दोघी मिळून तबकडी स्थिर ठेवतात.

वारा हा तिथला खरा शत्रू. स्वरूपांनी तबकडीला पत्रा लावला नाही, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणली. त्यामुळे वारा बराचसा आरपार जातो आणि खर्चही आवाक्यात राहिला. तरीही वारा ताशी 40 किलोमीटरच्या वर गेला की निरीक्षण थांबवून तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या कराव्या लागतात. त्या वेळी ‘उभी राहा’ हा हुकूम गेला, एवढ्यावर कोणी विसंबत नाही. ‘उभी राहिले’ हा जबाब तिसांकडून यावा लागतो.

आणखी एक पेच आहे. ही दुर्बीण रेडिओ लहरी ऐकते, आणि संगणक, मोटारी स्वतःच रेडिओ गोंगाट करतात. कान वळवणारे यंत्रच कानात गुणगुणू लागले तर काय ऐकू येणार? जागा निवडताना मुंबईचा गोंगाट अडवणारे डोंगर पाहिले गेले, तसा यंत्रांचा गोंगाट कोंडायला त्यांना धातूच्या आवरणात बसवावे लागले. ब्रश असलेल्या मूळ मोटारींच्या जागी पुढे ब्रशविरहित मोटारी आल्या.

19 ऑक्टोबर 2016 चा प्रसंग. युरोपीय अवकाश संस्थेचे शियापरेली हे यान मंगळावर उतरणार होते. त्याची क्षीण हाक ऐकण्याचे काम खोडदकडे होते. अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर. तबकड्या मंगळाकडे वळल्या आणि हाक पकडलीही. यान उतरण्याच्या थोडे आधी ती तुटली. पुढे कळले की यान आदळून नष्ट झाले होते.

चौकशीत जे कारण पुढे आले, ते वाचून मी थक्क झालो. पॅराशूट उघडले तेव्हा यान जोरात डोलले आणि त्याचे फिरणे मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या मापाच्या टोकाला अडकून राहिले. त्या चुकीच्या आकड्यावरून यानातल्या संगणकाने हिशेब केला, तर उंची शून्याच्याही खाली निघाली. म्हणजे यान जमिनीत! संगणकाने त्यावर विश्वास ठेवला. पॅराशूट सोडून दिले, वेग आवरणारी इंजिने तीनेक सेकंदांत बंद केली आणि जमिनीवर पोचल्यावरची कामे सुरू केली. यान तेव्हा 3.7 किलोमीटर उंचीवर होते. हुकूम सगळे बिनचूक पाळले गेले होते. जबाब तेवढा खोटा होता.

मंगळाच्या त्या यानाला दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नव्हती. खोडदच्या तबकडीने चुकीचा आकडा सांगितला तर तारा ऐकू येत नाही आणि बाकीच्या एकोणतीस जणी ते उघडे पाडतात.

ही दुर्बीण पाहायची असेल तर 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरते, तेव्हा जावे. आमच्याकडून मुरबाड, माळशेज घाट, ओतूर अशी वाट आहे. तिथे मोबाइल मात्र बंद ठेवावा लागतो. खिशातला तो छोटा फोन त्या तबकड्यांना कुठल्याही ताऱ्यापेक्षा मोठ्याने ऐकू येतो.