रॉयल ऑपेरा हाऊस, मुंबई

रॉयल ऑपेरा हाऊस : दक्षिण मुंबईत गिरगाव भागातले जुने नाट्यगृह आणि पुढे अनेक दशके चित्रपटगृह. चर्नी रोड स्थानकातून चालत थोड्याच अंतरावर, केनेडी पुलाजवळ, मामा परमानंद मार्गावर ही वास्तू उभी आहे. भोवतालच्या सगळ्या वस्तीला तिचेच नाव पडले. हिऱ्यांचा जुना बाजार, पंचरत्न इमारत, बसचा थांबा, सारे ‘ऑपेरा हाऊस’. टॅक्सीवाल्याला हे दोन शब्द सांगितले की पुरतात. थिएटर तेवीस वर्षे कुलूपबंद होते, तेव्हाही पुरत होते.

कलकत्त्याचा नाट्यव्यवसायी मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीतले पारशी गृहस्थ जहांगीर फ्रामजी काराका यांनी १९०८ साली ही कल्पना मांडली आणि १९०९ मध्ये बांधकाम सुरू झाले. दिल्ली दरबारासाठी आलेले बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते १९११ मध्ये उद्घाटन झाले तेव्हा इमारत अपुरीच होती. १९१२ मध्ये ती पुरी झाली, तरी बाहेरील बाजूची भर पुढे काही वर्षे पडत राहिली. शैली बरोक, तिला इथल्या कारागिरीची जोड. आत इटालियन संगमरवर आणि ससून घराण्याने दिलेली मोठी झुंबरे. पूर्वी ती भायखळ्याच्या ‘साँ सूसी’ या त्यांच्या हवेलीत होती. स्टॉलमध्ये बसून मान वर केली की आठ भागांत विभागलेला घुमट दिसतो. तो कवींना वाहिलेला आहे. छताची रचना अशी, की रंगमंचावरचा शब्द वरच्या बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ इथे गायले. एवढ्या एका गोष्टीसाठीही मराठी माणसाने ही वास्तू आपली मानावी.

युरोपीय ऑपेराचा जम मुंबईत फार काळ बसला नाही. मूकपटांपासूनच इथे पडदा लागू लागला होता. १९३५ मध्ये आयडियल पिक्चर्स या कंपनीने ताबा घेतला आणि नाट्यगृहाचे रीतसर चित्रपटगृह झाले. चांगला पडदा, चांगले प्रोजेक्टर आणि जास्त खुर्च्या यांसाठी आतल्या रचनेत फेरफार झाले. दोन्ही बाजूंचे प्रेक्षकांचे नक्षीदार बॉक्स त्यात गेले. या वास्तूची पडझड ती बंद झाली त्या १९९३ पासून मोजण्याची पद्धत आहे, पण तिच्या मूळ घडणीला पहिला धक्का इथेच बसला. तरी रंगभूमी इथून पुरती उठली नाही. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या पृथ्वी थिएटर्सची नाटके इथे होत. प्रयोग संपला की पृथ्वीराज कपूर दारात झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत. बाहेर पडणारे प्रेक्षक मदतनिधीसाठी त्या झोळीत नाणी-नोटा टाकत, आणि नटसम्राट कुणाच्याही तोंडाकडे बघत नसे.

१९५२ मध्ये सौराष्ट्रातील गोंडलचे महाराजा विक्रमसिंहजी यांनी ही वास्तू विकत घेतली. पुढची तीन दशके भरभराटीची. चर्नी रोड आणि लॅमिंग्टन रोड हा तेव्हा मुंबईच्या सिनेमाचा मुख्य पट्टा. मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला होता, सेंट्रलमध्ये ‘संत तुकाराम’ वर्षभराहून अधिक चालला, आणि मिनर्व्हात ‘शोले’ने पाच वर्षे मुक्काम ठोकला. वितरकांच्या कचेऱ्या जवळच नाझ चित्रपटगृहाच्या इमारतीत. शुक्रवारी पहिल्या खेळाला खिडकीवर रांग किती लागली, यावरून तिथे चित्रपटाचे भवितव्य ठरे.

१९८० नंतर हे चित्र पालटले. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हिडिओ आला, गल्लोगल्ली कॅसेट भाड्याने मिळू लागल्या, आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी केबल घरात शिरली. करमणूक कराचा बोजा होताच. घरचे सगळे मिळून बाल्कनीत बसण्याची चाल सुटली की एवढ्या मोठ्या प्रेक्षागृहाचा खर्च निघत नाही. दिवे, पंखे, डोअरकीपर, ऑपरेटर हे तर रिकाम्या खेळालाही लागतातच. १९९३ मध्ये खेळ बंद झाले. मॅजेस्टिक त्याआधीच पाडले गेले होते, मिनर्व्हाही पुढे गेले. ऑपेरा हाऊस मात्र पाडले गेले नाही. ऐन हिरेबाजारातली ही जागा. ती बांधकाम व्यावसायिकाच्या हाती गेली नाही, याचे श्रेय गोंडल घराण्याला द्यायलाच हवे. पण बंद दारांआड पावसाळ्यांमागून पावसाळे गेले. छत गळले, गिलावा सुटला, लाकूड कुजले.

२०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत या वास्तूचे नाव घातले. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जुन्या छायाचित्रांच्या आधारे ती पुन्हा उभी केली आणि गेलेले बॉक्सही परत आले. ऑक्टोबर २०१६ मध्ये दारे उघडली, तेव्हा मुंबईत जन्मलेल्या, मूळच्या गोव्याच्या सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारिओ इथे गायल्या. २०१७ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारही मिळाला. आसने आता ५७५.

वास्तू वाचली, आणि ती उत्तम वाचली. रोज चार खेळांचे, चाळीतल्या माणसाला परवडणारे चित्रपटगृह मात्र परत आले नाही. ते आता येणारही नाही. येथे संगीत, नाटक, नृत्य आणि प्रसंगी चित्रपट महोत्सव होतात. एखाद्या कार्यक्रमाचे तिकीट काढलेच, तर वाचकाने अर्धा तास आधी जाऊन बसावे आणि दिवे मालवण्यापूर्वी घुमट नीट पाहून घ्यावा.