जांभळ्या प्रथिनाचं कूळ

शास्त्रज्ञ हरगोविंद खुराना १९२२ साली रायपूरला जन्मले, हे वाचून आम्हा छत्तीसगडच्या रायपूरकरांची छाती फुगायच्या आत सांगतो: ते रायपूर पंजाबातलं खेडं, आज पाकिस्तानात. नाव जुळलं म्हणून नातं जुळत नाही. गंमत अशी, की खुरानांनी पुढे हाती घेतलेल्या प्रथिनाबद्दलही वाद नेमका हाच आहे.

त्यांच्या १९६८च्या नोबेलची कथा सर्वांना पाठ आहे. त्यानंतर एमआयटीत ते वळले खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या एका सूक्ष्मजीवाकडे. त्याच्या जांभळ्या पडद्यात ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांना १९७१मध्ये आपल्या डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनसारखं प्रथिन सापडलं होतं. 'अ' जीवनसत्त्वाचं भावंड असलेलं रेटिनल दोन्हींत. पण ज्याला डोळाच नाही, त्याला हे कशाला? १९७४मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी हे प्रथिन आणि गाईच्या हृदयातलं, एटीपी हे पेशीचं इंधन बनवणारं यंत्र चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत शेजारी शेजारी बसवलं. उजेड पाडला, एटीपी तयार! ते यंत्र प्रोटॉनच्या ओघावर चालतं; म्हणजे उजेडाच्या जोरावर प्रोटॉन पडद्यापार ढकलणं, हे त्याचं काम. १९७९मध्ये खुरानांच्या गटाने त्यातल्या २४८ अमिनो आम्लांचा क्रम लावला. मॉस्कोत ओव्चिनिकोव्ह यांनीही लावला.

याच गोतावळ्यातली काही प्रथिनं क्लोराइड आत ओढतात, काही उजेडाची दिशा सांगतात. शेवाळातलं एक तर २०२१मध्ये एका अंध माणसाला अंशतः दिसू लागण्यासाठी वापरलं गेलं. २०२०च्या जूनमध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने असेच खारप्रिय जीव दाखवले. मात्र तो रंग मुख्यतः कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा, त्यावरून जांभळ्या प्रथिनाची साक्ष काढू नये.

आता मूळ भांडण. जांभळं प्रथिन आणि डोळ्यातलं ऱ्होडॉप्सिन, दोन्हींचे पडद्यातून जाणारे सात वेढे, दोन्हींत रेटिनल सातव्या वेढ्यावरच्या लायसिन या अमिनो आम्लाला चिकटलेलं. अमिनो आम्लांचा क्रम मात्र जवळजवळ जुळतच नाही. म्हणून बरेच जण म्हणतात, कुळं दोन, योगायोगाने एका वळणावर आलेली. मला हे पटत नाही. २०१३मध्ये गाईच्या ऱ्होडॉप्सिनमधलं ते लायसिन उचलून दुसरीकडे बसवून पाहिलं, तर काही ठिकाणी प्रथिन चालतच राहिलं! म्हणजे सातवा वेढा सक्तीचा नव्हता. मग दोघांनी तोच कसा निवडला? क्रम अब्जावधी वर्षांत पुसला जाऊ शकतो, हे कबूल करायला काय हरकत आहे? आमचं आणि खुरानांचं रायपूर निव्वळ नामसाधर्म्य. या प्रथिनांचं मूळ मात्र एकच, असंच माझं मत.